स्टेशनं सांगा

चि. इरा आणि चि. नील यांस अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर नील मला त्याच्या शाळेबद्दल दहा मिनिटं सांगत होता आणि मी "हो हो, छान" म्हणत होते. त्या दहा मिनिटांत त्याच्या मित्राचा हात मोडला, हे मला नंतर इराने सांगितलं. म्हणजे हात मोडल्याला मी छान म्हणाले. नील, तुझी काही चूक नाही. ग्लासगोत वाढलेल्या मुलाने ग्लासगोच्या मुलासारखंच बोलायचं. मी चाळीस वर्षं अंबरनाथच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पण माझं इंग्रजी आणि तुझं इंग्रजी रस्त्यात भेटली तर एकमेकांना ओळख दाखवणार नाहीत. मग इरा तिच्या अभ्यासाबद्दल बोलायला लागली. अनोळखी धाटणीचं बोलणं मेंदू पहिल्यांदा ऐकतो तेव्हा अडखळतो, पुढे काय येणार याचे अंदाज बांधतो, चुकले की दुरुस्त करतो, आणि समोरचा काय बोलणार हे आधी ठाऊक असेल तर फार लवकर सरावतो, असं ती सांगत होती. मी गप्प झाले तेव्हा फोन तुटला असं तुम्हाला वाटलं. फोन तुटला नव्हता. मला कंपाउंडर आठवले होते. त्यांना जाऊन आता सात महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं मी टाळत होते, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि तिला वळसा घालून मला पुढे जाता येत नाही. पण तुमच्याशी खोटं "हो हो" म्हटल्यावर आता लिहायलाच हवं.

आमच्या कंपाउंडरांना कळणार नाही असं बोलणारा माणूस कल्याण आणि कर्जतच्या मध्ये अजून जन्माला यायचा होता. तुमच्या आजोबांचा दवाखाना उल्हासनगरला होता, विठ्ठलवाडीच्या बाजूला. तिथे कंपाउंडर चौतीस वर्षं औषधं बांधत होते. त्यांना नाव होतं, पण ते फक्त रेशनकार्डाला माहीत असावं, कारण त्यांची बायकोसुद्धा त्यांना कंपाउंडरच म्हणायची. अंबरनाथजवळच्या गावातल्या आगरी घरातला हा माणूस, उंच, वाळका, मान सदैव उजवीकडे कललेली. ऐकताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत, त्यामुळे नव्या बायका आधी पदर सावरत आणि नवे पुरुष मिशीला काही लागलंय का ते चाचपत. माझी शाळा सुटली की संध्याकाळी मी केसपेपर लावायला दवाखान्यात बसत असे, त्यामुळे हे सगळं मी रोज पाहिलं आहे.

तेव्हाच्या उल्हासनगरात बाकड्यावर कोण नसे? दुकानदार सिंधी, त्यांच्या सिंधीशिवाय दुसरं काही न येणाऱ्या म्हाताऱ्या आया, अंबरनाथच्या कारखान्यांत आलेले तमिळ फिटर, उत्तरेकडचे हमाल, बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवरून उतरलेल्या ठाकर बायका. तुमचे आजोबा मिरजेत शिकलेले. त्यांना पुस्तकी मराठी, पुस्तकी इंग्रजी आणि थोडी आकाशवाणीवरची हिंदी येत असे. बाकीच्यांपुढे ते "हां हां" करत आणि कंपाउंडरांकडे बघत. आणि कंपाउंडर, पेशंट दारात उभा राहिल्या राहिल्या, तो कशाने कण्हतोय हे न विचारता म्हणत, "बसा. स्टेशनं सांगा."

हो, स्टेशनं. कल्याणपासून कर्जतपर्यंत. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत. दाढ सुजलेली असो की पोटात मुरडा असो, नव्या पेशंटाला ही दहा नावं म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नसे. एक फिटर कळ असह्य होऊन बदलापूरलाच थांबला, तर त्याला पाणी पाजून कर्जतपर्यंत नेलं. एका सिंधी अम्माने कपाळावर हात मारून त्यांना सुनावलं होतं, "पुट, बेटा, हमको गाड़ी नहीं पकड़नी, हमको दवाई चाहिए." कंपाउंडर शांतपणे म्हणाले, "मिलेगी अम्मा. वांगणी के बाद कौनसा?" आणि अम्मा बडबडत बडबडत नेरळच्याही पुढे गेली. पाड्यावरच्या बायका गाडीत क्वचित बसत, म्हणून त्यांना ते बदलापूरच्या बाजारात विकायच्या रानभाज्या सांगायला लावत. टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी. भाज्या संपल्या की आजार.

मला हा शुद्ध चक्रमपणा वाटे. मी एकदा तसं म्हणालेही. कंपाउंडर बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवत होते. खळीने भिजलेलं बोट तसंच वर धरून ते म्हणाले, "वयनी, स्टेशनांची नावं मना ठावी हायेत. मंग मी नाव नाय ऐकत, मानूस ऐकतो. हा ळ कुठं टाकतो, थांबतो कुठं, काय गिलतो. दहा नावांत कान तयार व्हतो. मंग जे ठावं नाय ते ऐकायचं." इरा, तू रविवारी जे सांगितलंस ते हेच नव्हे का? आणखी एक गोष्ट ते ठासून सांगत. एका तमिळ माणसाचं बोलणं कळलं म्हणून दुसऱ्याचं कळेलच असं नाही, पण चारपाच जणांना ऐकलं की सहावा सोपा जातो. म्हणून त्यांना गर्दी आवडे. बाकडं रिकामं असलं की ते बाहेर जाऊन समोरच्या पापडवाल्याशी भांडण काढत, कानाला गंज चढू नये म्हणून.

या विद्येचा एक तोटा होता. दिवसभर ज्यांना ऐकलं त्यांचं बोलणं कंपाउंडरांच्या जिभेवर चढत असे. शेवटचा पेशंट कोण होता हे घरी बायकोला विचारावं लागत नसे. संध्याकाळी ते "जेवण झालं का" हे एखाद्या दिवशी सिंधी हेलात विचारत, एखाद्या दिवशी तमिळ ठेक्यात. एकदा मुलाच्या शाळेत हेडमास्तरांशी बोलताना ते नकळत हेडमास्तरांसारखंच नाकात बोलायला लागले आणि मुलाचं नाव कटता कटता राहिलं. तुमच्या आजोबांपुढे मात्र त्यांनी कधी मान तुकवली नाही. आजोबा स्वतःला काही कळलेलं नसताना पेशंटला "हां हां" म्हणाले की कंपाउंडर हातातली बरणी बंद करत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहत. आजोबा खाकरून पेशंटला म्हणत, "माफ करा, मला समजलं नाही, पुन्हा सांगा." मग बरणी उघडे.

यामागचं कारण त्यांनी मला फक्त एकदा सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाई मुलाला घेऊन आली होती. ती भराभर काहीतरी सांगत होती, बाहेर रांग होती, आणि यांनी "हो हो" म्हणत पुड्या बांधून दिल्या. मुलाला दुसऱ्या कोणीतरी तेच औषध सकाळी दिलं आहे, एवढंच ती सांगत होती. मुलगा मोठ्या इस्पितळात चार दिवस राहून वाचला. बाई नंतर दवाखान्यात आली ती भांडायला नाही, औषध कोणतं होतं ते विचारायला. "ती तवा पन नीट बोलली," कंपाउंडर म्हणाले. "मीच नाय ऐकलं." खोटा होकार हे त्यांच्या लेखी जगातलं सगळ्यात वाईट औषध होतं.

आजोबा गेले, दवाखाना बंद झाला, त्या जागी आता मोबाइलच्या काचा बदलून देणारं दुकान आहे. कंपाउंडरांची बायको गेली आणि मुलाने त्यांना बदलापूरच्या सोनिवलीला नेलं, नव्या बिल्डिंगमध्ये, नवव्या मजल्यावर. मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात शिफ्टला, सूनबाई गुणी आणि कामसू. घर हवेशीर होतं. कंपाउंडरांची तक्रार एकच होती, की नवव्या मजल्यावर कोणी बोलताना ऐकू येत नाही. लिफ्टमध्ये लोक फोनकडे बघतात. ते खाली गेटवर जाऊन वॉचमनजवळ बसत आणि डिलिव्हरीवाल्या मुलांना अडवून स्टेशनं विचारत. सोसायटीत तक्रार गेली. तेव्हा ते मला फोनवर म्हणाले होते, "वयनी, हितं सगळ्यांची भाषा कलते, पन बोलत कोन नाय."

मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. डोकं शाबूत होतं, शब्द सगळे जागेवर होते, पण जीभ आणि ओठ वळत नव्हते. तोंडातून जे येई ते ओल्या फडक्यात बांधल्यासारखं येई. डाव्या हाताने लिहायला दिलं तर नुसत्या रेघा. इस्पितळातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. सूनबाई औषधांच्या ढिगापुढे रडकुंडीला येऊन बसली होती. घरातल्या जुन्या गोळ्या एका डब्यात, इस्पितळातून दिलेल्या दुसऱ्या पिशवीत, वर दोन कागद. मी तिला म्हटलं, तू ऊठ, मी करते. तुम्हाला तुमची आजी ठाऊक आहे. मी पट्टी घेऊन रेघा मारल्या, सकाळ-दुपार-रात्र असे रकाने पाडले, दोन्ही कागदांवरची आणि डब्यातली सगळी औषधं सुवाच्य अक्षरात उतरवली आणि तो तक्ता फ्रिजवर चिकटवला. एक ओळही सुटू दिली नाही. सूनबाई म्हणाली, "काकू, तुम्ही होतात म्हणून." मला ते ऐकून बरं वाटलं, हे लपवत नाही.

त्यानंतर मी दर मंगळवारी जाऊ लागले. कंपाउंडरांना खुर्चीतून स्वयंपाकघरात आणत, तेव्हा ते डाव्या हाताने फ्रिजवरचा तक्ता थोपटत आणि मोठमोठ्याने काही सांगत. मला वाटे, वहिनींनी छान काम केलं असं म्हणताहेत. मी म्हणे, "हो हो, सगळं व्यवस्थित लिहिलंय, काळजी करू नका." मुलगा म्हणे, "हो बाबा, हो." वॉचमनसुद्धा भेटायला आला तो "हां चाचा, हां चाचा" करून गेला. ज्या माणसाने त्या एका बाईनंतर उभ्या आयुष्यात कोणाला खोटा होकार दिला नाही, त्याला आम्ही दिवसाला पन्नास देत होतो. काही दिवसांनी सूनबाई म्हणाली, बाबा गोळ्या थुंकतात हो, चक्कर येते म्हणतात बहुतेक. मी सांगितलं, तक्त्याप्रमाणे सगळ्या पोटात गेल्याच पाहिजेत, मऊ भातात कुस्करून घाल. तिने घातल्या. तिसऱ्या आठवड्यात ते मोरीत चक्कर येऊन पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात, तशा अंगात, डॉक्टरांनी ऑपरेशनला नको म्हटलं.

पुढच्या मंगळवारी मी गेले तेव्हा ते पलंगावर उताणे होते. मला बघून पुन्हा तेच, तोच चढता आवाज, डावा हात दारापलीकडच्या स्वयंपाकघराकडे. मी सवयीने म्हणाले, "हो हो, कंपाउंडर." त्यांनी बोलणं थांबवलं, डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. बरणी बंद झाली होती. चौतीस वर्षं ती मान मी वळताना पाहिली होती, फक्त ती कधी माझ्यासाठी वळली नव्हती. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग म्हणाले, "कंपाउंडर, मला समजलं नाही. महिनाभर मला तुमचं काही समजलेलं नाही. मी उगाच हो म्हणत होते." त्यांनी डोळे उघडले. मी पर्समधला कागद काढला, त्यावर दहा नावं लिहिली आणि म्हटलं, "स्टेशनं सांगा."

त्यांचा चेहरा अर्धाच हसू शकत होता. तेवढा हसला.

पहिल्या दिवशी मला दहा वेळा एकच स्टेशन ऐकू आलं. मी कागदावर बोट ठेवून त्यांच्याबरोबर सरकत होते, कल्याण, विठ्ठलवाडी, आणि डोळ्यांना दिसणारं नाव कानाला पटत नव्हतं. मी मंगळवारची वाट न बघता रोज जायला लागले. दुसऱ्या दिवशी कळलं की क आणि त दोन्हींच्या जागी ते घशातून एक झटका देतात. तिसऱ्या दिवशी अंबरनाथ स्पष्ट उठून आलं. एकदा उठून आल्यावर आधी ते का कळत नव्हतं हेच मला कळेना. त्यांनी शिस्त सोडली नव्हती. माझं बोट चुकीच्या नावावर गेलं की ते कल्याणपासून पुन्हा सुरू करत आणि माझ्याकडे असे बघत, जसं मी चौथी नापास मुलाकडे बघत असे. सूनबाईला वाटलं काकूंचंही काहीतरी बिनसलं. पाचव्या दिवशी मी कागद घडी करून ठेवला आणि डोळे मिटून ऐकलं. दहाही स्टेशनं गेली. कर्जत झाल्यावर ते थांबले नाहीत. तशाच संथ आवाजात, एकेक शब्द सुटा करून, त्यांनी पुढचं सांगितलं आणि मला ते पहिल्या वेळेला कळलं.

"वयनी, दुसरी आनि पाचवी गोली एकच हाय. एक काढा."

मी तक्ता आणि दोन्ही पाकिटं घेऊन खाली केमिस्टकडे गेले. त्याने पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. "काकू, हे तर सेमच आहे. कंपनी वेगळी, नाव वेगळं, आत बीपीचं तेच औषध. डबल जात होतं का? चक्कर येणारच. कोणी लिहून दिलं?"

मी म्हणाले, "मी."

इस्पितळाने जुन्याच्या बदली नवी गोळी दिली होती. ते कागदावर होतं. मी नावं वेगळी बघितली आणि दोन्ही उतरवली, कारण मला एकही ओळ सोडायची नव्हती. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक ताबडतोब बंद केली. आठवड्यात चक्कर थांबली. खुबा काही जुळला नाही. पलंगावरून कंपाउंडर पुन्हा उठले नाहीत.

मी त्यांची माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात. ते म्हणाले, "अक्षर चांगलं व्हतं." एवढंच. त्यांच्या मनात माफी होती की नुसती नोंद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर ते साडेचार महिने जगले आणि त्या काळात ते जेवढं बोलले तेवढं सगळ्या सोनिवलीत कोणी बोललं नसेल. मी सूनबाईला आणि मुलाला स्टेशनं शिकवली. सूनबाई तीन दिवसांत तयार झाली आणि तिला पहिली गोष्ट कळली ती ही, की बाबांना तिच्या चहात वेलची नको आहे आणि हे ते इस्पितळातून आल्यापासून सांगताहेत. मुलाला महिना लागला. शिफ्टवरून येऊन तो पलंगाशी बसे, मोबाइलवर यादी धरून, आणि कंपाउंडर त्याला शेलूवर पकडत. वॉचमनलाही बोलावून शिकवलं. तो बिहारचा, त्याच्या हेलात कंपाउंडर बोलू लागले तेव्हा मी पुन्हा दोन दिवस मागे पडले. बाकी काही सुधारलं नव्हतं. अंग झिजत होतं, पाठीला जखमा झाल्या होत्या, आणि खोलीत औषधाचा जो वास असे तो दवाखान्यातला ओळखीचा वास नव्हता. शेवटच्या आठवड्यात आवाज इतका बारीक झाला की आमचं सगळं शिकलेलं कमी पडलं. मी कानाजवळ वाकून म्हणाले, "समजलं नाही, कंपाउंडर." त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा समजलं नाही, आणि मी तसंच सांगितलं. ते काय होतं हे मला कधीच कळणार नाही. पण मान त्यांनी भिंतीकडे वळवली नाही.

तर आता तुमचं काम. खाली मी दहा स्टेशनं लिहून देते आहे. नील, तू ती तुझ्या बोलण्यात वाचून मला रेकॉर्ड करून पाठव. घाई करू नकोस आणि माझ्यासाठी तोंड वाकडं करून मराठी उच्चारही करू नकोस, तुझ्या मित्राला सांगशील तसंच वाच. इराने वेगळं पाठवावं, म्हणजे दोघं होतील. मी रोज सकाळी बोट ठेवून ऐकेन. मग आपण त्या मोडलेल्या हाताबद्दल बोलू. मला कळलं नाही तर मी तसं सांगेन आणि तुम्ही पुन्हा सांगायचं.

कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत.

तो तक्ता मी टाकला नाही. पाचवी ओळ खोडलेली आहे, बाकीची अक्षरं तशीच आहेत. तो माझ्या कपाटात, केसपेपरांच्या फायलीत आहे. आणि माझ्या फोनमध्ये कंपाउंडरांचं चार मिनिटांचं बोलणं आहे, स्टेशनं आणि त्यापुढचं थोडं. परवा सोसायटीतल्या एका बाईंना ऐकवलं, त्यांना एक शब्द लागला नाही. मला सगळे कळतात.

तुमची,
आजी